पुढचा क्रमांक किती?

तुमच्या शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड नोंदवही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख अशी सर्व माहिती तिच्यात एका ओळीत लिहिलेली असते. त्या ओळीच्या आरंभी एक क्रमांक असतो. तुम्ही शाळेत प्रवेश घेतला तेव्हा तुमच्याही वाट्याला असा एक क्रमांक आला. हजेरीपटावरील क्रमांक वर्ग बदलला की बदलतो. जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र शाळा सोडून गेल्यावरही तुमचाच राहतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो लिहिलेला असतो. तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या गृहस्थांना जन्मतारखेचा पुरावा हवा असतो. ते शाळेत येतात, जुन्या कागदावरचा क्रमांक सांगतात, आणि कपाटातून धूळ झटकून काढलेल्या वहीतील नेमकी ती ओळ काही मिनिटांत सापडते.

आता अशी कल्पना करा की, एकच क्रमांक चुकून दोन विद्यार्थ्यांना दिला गेला आहे. दोघांचे आडनाव पाटील आहे आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरेही तीच आहेत. मग कोणाची जन्मतारीख कोणाच्या दाखल्यावर जाईल? दाखल्यावरची ती तारीख पुढे नोकरीच्या अर्जावर जाते, पारपत्रावर जाते, निवृत्तीच्या आदेशावर जाते. म्हणजे एका आकड्याच्या घोटाळ्याने एका माणसाचे वय बदलू शकते!

वही हाताने लिहिली जात असे तेव्हा ही चूक होणे थोडे अवघड होते. पुढची रिकामी ओळ कोणती आणि तिच्या वरचा आकडा कोणता हे डोळ्यांना दिसत असे. आता हेच काम कार्यालयातील टेबलावरच्या संगणकाकडे आले आहे. मग संगणक पुढचा क्रमांक कसा ठरवतो? ‘त्यात काय मोठेसे? शेवटच्या क्रमांकात एक मिळवला की झाले,’ असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर वाटते खरे. पण त्यात तीन-चार खड्डे आहेत. आज आपण ते एकेक करून पाहू.

नावापेक्षा क्रमांक बरा

माहितीचा सुव्यवस्थित साठा संगणकात ठेवला की त्याला डेटाबेस म्हणतात. तो बहुधा तक्त्यांच्या रूपात असतो. तक्त्यातील एक आडवी ओळ म्हणजे एक नोंद आणि एक उभा स्तंभ म्हणजे एक रकाना. शाळेच्या ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. एका तक्त्यात पुस्तकांच्या नोंदी, दुसऱ्यात वाचकांच्या आणि तिसऱ्यात देवघेवीच्या. देवघेवीच्या तक्त्यात दर वेळी पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहीत बसण्याचे कारण नसते. ‘अमुक क्रमांकाचे पुस्तक तमुक क्रमांकाच्या वाचकाने नेले’ एवढे दोन आकडे पुरतात. बाकी सर्व माहिती त्या आकड्यांच्या आधारे दुसऱ्या तक्त्यांतून शोधता येते.

क्रमांकाऐवजी नावच का वापरू नये? कारण एकाच नावाची दोन माणसे असतात, आणि एकाच पुस्तकाच्या पाच प्रतीही असतात. नावे बदलतात, त्यांचे शुद्धलेखन बदलते. ‘कुलकर्णी’ कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी आडनावे होतात. आकड्याचे तसे नाही. तो एकदा दिला की बदलण्याचे कारण उरत नाही.

म्हणूनच ग्रंथपाल प्रत्येक प्रतीवर दाखल क्रमांक घालतात. हा क्रमांक म्हणजे त्या प्रतीचे नावच. मात्र त्याने दोन नियम पाळले पाहिजेत. एक, तो दोघांना कधीही मिळता कामा नये. दोन, एकदा मिळाला की तो बदलता कामा नये. आता संगणकाला हे दोन नियम पाळायला लावण्याच्या युक्त्या तपासून पाहू.

पहिली युक्ती : जागा हाच क्रमांक

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वेन रॅटलिफ या अभियंत्याने लहान संगणकासाठी डेटाबेसची एक आज्ञावली लिहिली. पुढे ती ‘डीबेस’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९८४ मध्ये तिची ‘डीबेस तीन’ ही आवृत्ती निघाली. आपल्याकडेही त्या दशकात आणि पुढच्या दशकात संगणकाच्या शिकवणी वर्गांतून ती शिकवली जात असे.

डीबेसमध्ये प्रत्येक नोंदीला आपोआप एक क्रमांक असे. पण तो कोठे लिहिलेला नसे. फाइलीतील पहिली नोंद ती १ क्रमांकाची, दुसरी ती २ क्रमांकाची, असा सरळ हिशेब. म्हणजे नोंद ज्या जागी आहे ती जागा हाच तिचा क्रमांक. ही युक्ती अतिशय स्वस्त होती. सर्व नोंदी सारख्याच लांबीच्या असत. त्यामुळे ५००वी नोंद फाइलीत कोठे सुरू होते हे एका गुणाकाराने कळे आणि संगणक थेट तेथे पोचे.

अडचण येई ती नोंद काढून टाकताना. डीबेसमध्ये नोंद रद्द केली की ती लगेच नाहीशी होत नसे. तिच्या आरंभी फक्त एक फुली पडे. त्यानंतर ‘पॅक’ ही आज्ञा दिली की फुली पडलेल्या नोंदी खरोखरच काढून टाकल्या जात आणि मागच्या नोंदी पुढे सरकत. त्याबरोबर त्यांचे क्रमांकही बदलत! तिकिटाच्या खिडकीपुढील रांगेतून तिसरा माणूस निघून गेला की चौथा तिसरा होतो आणि पाचवा चौथा, तसेच हे. रांगेतील जागा हे माणसाचे नाव होऊ शकत नाही. कोणी कागदावर ‘नोंद क्रमांक ८७’ असे लिहून ठेवले असेल, तर पॅक केल्यावर त्या जागी भलतीच नोंद सापडण्याची भीती असे. म्हणून जाणकार मंडळी डीबेसमध्येही क्रमांकासाठी स्वतंत्र रकाना ठेवीत आणि त्यात आकडा लिहीत.

यातून पहिला धडा मिळाला. क्रमांक नोंदीच्या आत लिहिला पाहिजे. तिच्या जागेवर अवलंबून ठेवता कामा नये.

दुसरी युक्ती : एक मिळवा

ठीक आहे, क्रमांकाचा रकाना केला. पण त्यात आकडा कोणी लिहायचा? कारकुनावर सोपवले तर ५९८ च्या जागी ५८९ लिहिले जाणारच. तेव्हा हे काम संगणकानेच केलेले बरे.

नोंदी मोजा आणि त्यात एक मिळवा, असे संगणकाला सांगून पाहू. तक्त्यात १, २, ३, ४, ५ अशा पाच नोंदी आहेत. दुसरी नोंद रद्द झाली. उरल्या चार. नवी नोंद आली. चार अधिक एक, पाच. पण पाच क्रमांकाची नोंद तर आधीच आहे! पहिल्याच पायरीवर पाय घसरला.

बरे, मोजायचे सोडून द्या. तक्त्यातील सर्वांत मोठा क्रमांक शोधा आणि त्यात एक मिळवा. आता मधली कोणतीही नोंद रद्द झाली तरी बिघडत नाही. सर्वांत मोठा पाच, म्हणून पुढचा सहा. घरगुती डेटाबेस तयार करणारे अनेक जण हीच युक्ती वापरतात, आणि बहुतेक वेळा ती चालूनही जाते.

परंतु मधली नोंद रद्द न होता नेमकी शेवटचीच रद्द झाली तर? ग्रंथालयातील एक प्रसंग कल्पून पाहा. नुकत्याच आलेल्या पुस्तकाला १२५० हा दाखल क्रमांक मिळाला. नववीतल्या एका मुलाने ते नेले आणि ते प्रवासात हरवले. त्याने किंमत भरली. ग्रंथपालांनी पुस्तकांच्या तक्त्यातून १२५० ची नोंद काढून टाकली. दुसऱ्या दिवशी नवे पुस्तक आले. तक्त्यातील सर्वांत मोठा क्रमांक आता १२४९. म्हणून नव्या पुस्तकाला पुन्हा १२५० मिळाला. देवघेवीच्या तक्त्यात मात्र ‘१२५० क्रमांकाचे पुस्तक या मुलाने नेले, परत आलेले नाही’ ही जुनी ओळ तशीच आहे. वर्षअखेरीस थकबाकीची यादी निघते, आणि ज्या पुस्तकाला त्याने हातही लावला नाही ते त्याच्या नावावर दिसते! यात संगणकाचा हिशेब चुकला नाही, मुलाचीही चूक नाही. एका नोंदीचे नाव दुसरीला दिले गेले एवढेच.

एक क्षण, दोन कारकून

याहून फसवा खड्डा पुढे आहे. तो दिसतच नाही.

जून महिना आहे. प्रवेशासाठी पालकांची गर्दी झाली आहे. म्हणून कार्यालयात दोन संगणकांवर दोन कारकून बसले आहेत. डेटाबेसची फाइल एकच असून दोन्ही संगणक तारेने तिच्याशी जोडलेले आहेत. पहिल्या संगणकाने विचारले, ‘सर्वांत मोठा क्रमांक कोणता?’ उत्तर आले, ७३१२. त्याने मनाशी एक मिळवला : ७३१३. पण हा आकडा फाइलीत लिहिला जाण्यापूर्वीच दुसऱ्या संगणकाने तोच प्रश्न विचारला. फाइलीत अजून सर्वांत मोठा क्रमांक ७३१२ च आहे. म्हणून त्यालाही तेच उत्तर मिळाले आणि त्यानेही ७३१३ हाच आकडा काढला. पहिल्याने ७३१३ लिहिला, दुसऱ्यानेही ७३१३ लिहिला. झाले! ज्या घोटाळ्याची आपण सुरुवातीला कल्पना केली तोच प्रत्यक्षात उतरला.

या चुकीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. एकट्याने काम करताना ती कधीच होत नाही. आज्ञावली तपासायला घेतली, शंभर नोंदी भरून पाहिल्या, तरी सर्व काही ठीक दिसते. पण ऐन गर्दीच्या दिवशी दोघांच्या कळा एकाच क्षणी दाबल्या गेल्या की ती घडते, आणि तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

चूक कोठे आहे ते नीट पाहा. पाहणे, मिळवणे आणि लिहिणे या तीन क्रियांच्या मध्ये फट आहे. त्या फटीत दुसरा शिरतो. म्हणून उपाय असा : या तीन क्रिया पुऱ्या होईपर्यंत दुसऱ्याला आत येऊच द्यायचे नाही. संगणकशास्त्रात याला कुलूप लावणे असेच म्हणतात. पहिला आत जातो, कुलूप लावतो, आकडा पाहतो, एक मिळवतो, लिहितो, कुलूप काढतो, मग दुसरा. हे सर्व सेकंदाच्या लहानशा भागात उरकते.

त्याशिवाय आणखी एक पहारेकरी ठेवता येतो. या रकान्यात एकच मूल्य दोनदा येऊ देऊ नकोस, असे डेटाबेसला सांगून ठेवता येते. अशा रकान्याला प्राथमिक चावी म्हणतात. मग दुसरा ७३१३ लिहू लागताच संगणक तो नाकारतो आणि तसे सांगतो. चूक मुकाट्याने होण्यापेक्षा तिचा गवगवा झालेला केव्हाही चांगला.

तिसरी युक्ती : भिंतीवरची पाटी

कुलुपाने दोन कारकुनांचा प्रश्न सुटला. पण १२५० क्रमांकाच्या पुस्तकाचा नाही. त्यासाठी आणखी एक कल्पना लागते, आणि ती संगणकाहून पुष्कळ जुनी आहे.

कचेऱ्यांतून कागदांवर क्रमांकाचा शिक्का मारण्याचे एक हातयंत्र असते. त्याची मूठ दाबली की आकडा उमटतो आणि आतली चाके फिरून पुढचा आकडा तयार होतो. अमेरिकेत एडविन बेट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेले असे यंत्र पुढे फार प्रसिद्ध झाले. गंमत पाहा, हे यंत्र पूर्वी शिक्के मारलेल्या कागदांकडे ढुंकूनही पाहत नाही. ते कागद फाटले, जळले किंवा हरवले, तरी त्याला पत्ता नसतो. ‘मी शेवटी कोणता आकडा दिला’ एवढेच ते लक्षात ठेवते.

संगणकालाही नेमके हेच करायला सांगायचे. भिंतीवर एक पाटी टांगलेली आहे आणि तिच्यावर एकच आकडा लिहिलेला आहे असे समजा. नवी नोंद आली की पाटीवरचा आकडा घ्यायचा आणि तो पुसून तेथे पुढचा लिहायचा. नोंदी रद्द होवोत की राहोत, पाटीवरचा आकडा मागे जात नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘अ‍ॅक्सेस’ ही टेबलावरच्या संगणकासाठी केलेली डेटाबेस आज्ञावली १९९२ मध्ये बाजारात आली. तिच्यात अशा रकान्याचा एक प्रकारच ठेवला होता. आरंभी त्याला ‘काउंटर’ म्हणत. पुढे ‘ऑटोनंबर’ हे नाव आले. रकान्याला हा प्रकार ठरवून दिला की क्रमांक आपोआप पडतो. तो हाताने लिहिता येत नाही आणि बदलताही येत नाही.

पाटी असणे आणि नसणे यांतील फरक ‘एसक्यूलाइट’ या आज्ञावलीत फार स्वच्छ दिसतो. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली प्रथम प्रसिद्ध केली. तुमच्या घरातील स्मार्टफोनमध्येही ती असते. तिच्यात क्रमांकाचा रकाना दोन प्रकारांनी करता येतो. साध्या प्रकारात ती सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवते. त्यामुळे शेवटची नोंद रद्द झाली तर तोच क्रमांक पुन्हा दिला जातो. दुसऱ्या प्रकाराला ‘ऑटोइन्क्रिमेंट’ म्हणतात. त्यात आजवर दिलेला सर्वांत मोठा क्रमांक एका लहानशा वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवला जातो. ती आपली पाटीच. तिच्यासाठी संगणकाला थोडे जास्त काम पडते. पण त्या बदल्यात एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा येत नाही.

रिकाम्या जागांचे काय?

ऑटोनंबर वापरणाऱ्या नवशिक्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. ‘माझ्या तक्त्यात १४ नंतर एकदम १६ आला. १५ कोठे गेला?’ बहुधा काय झालेले असते, की त्याने एक नोंद लिहायला घेतली, तिला १५ मिळाला, आणि मग विचार बदलून त्याने ती तशीच सोडून दिली. पाटी पुढे सरकली ती सरकलीच.

मग संगणकाने तो १५ परत का घेऊ नये? तो परत घ्यायचा तर माणूस नोंद ठेवणार की सोडणार हे ठरेपर्यंत पाटी अडकवून ठेवावी लागेल. एक कारकून अर्धी नोंद भरून चहाला गेला, की दुसऱ्याचे काम थांबले! यापेक्षा एखादा आकडा वाया गेलेला परवडतो. आकडे काही विकत आणावे लागत नाहीत.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा क्रमांक म्हणजे नोंदीचे नाव आहे, नोंदींची संख्या नव्हे. शेवटचा क्रमांक ७३१३ असला म्हणजे नोंदी ७३१३ आहेत असे नाही. संख्या हवी असेल तर नोंदी मोजाव्यात.

काही ठिकाणी मात्र रिकामी जागा खरोखरच चालत नाही. पैशांच्या पावत्या हे त्याचे उदाहरण. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे विक्रीच्या बिलावर ओळीने येणारा, त्या आर्थिक वर्षात एकमेव असलेला आणि सोळा चिन्हांहून लांब नसलेला क्रमांक लागतो. याचे कारण उघड आहे. पावती १५ सापडत नसेल, तर तिचे पैसे कोठे गेले असे तपासनीस विचारणारच. वर्गणीचे पावतीपुस्तक तुम्ही पाहिले असेल. त्यात पावती चुकली तर ती फाडून फेकत नाहीत; तिच्यावर ‘रद्द’ असे लिहून ती पुस्तकातच ठेवतात. डेटाबेसमध्येही तसेच करावे. नोंद पुसू नये. तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करावी. शिवाय आतल्या कामासाठी आपोआप पडणारा क्रमांक वेगळा ठेवावा, आणि पावतीवर छापण्याचा क्रमांक पावती पक्की होताना, कुलूप लावून, वेगळ्या पाटीवरून द्यावा. एका आकड्यावर दोन कामे लादली की दोन्ही बिघडतात.

आकडे संपले तर?

आकडे अनंत आहेत हे तुम्ही गणितात शिकला. संगणकातील पाटी मात्र लहान-मोठी असते. तिच्यावर द्विमान पद्धतीचे ठराविक अंकच मावतात. सोळा अंकी पाटीवर, एक अंक अधिक-उणे चिन्हासाठी सोडला, तर सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ मावते. अ‍ॅक्सेसमधील ऑटोनंबर बत्तीस अंकी आहे. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. दर सेकंदाला एक नोंद केली तरी ती गाठायला सुमारे ६८ वर्षे लागतील. शाळेला हे केव्हाही पुरेल.

पण सर्वांनाच पुरते असे नाही. ‘स्लॅशडॉट’ हे इंटरनेटवरचे एक जुने चर्चापीठ आहे. तेथे वाचकांच्या प्रत्येक अभिप्रायाला ओळीने क्रमांक मिळे. कोणता अभिप्राय कोणाला उत्तर म्हणून आला आहे हे दाखवणारा रकाना चोवीस अंकी होता. त्यात १,६७,७७,२१५ पर्यंतचेच आकडे मावत. नोव्हेंबर २००६ मध्ये ती मर्यादा ओलांडली गेली, आणि कोणते उत्तर कोणाला हे संगणकाला काही तास जुळवता येईना. क्रमांक देणारा रकाना मोठा होता. तो क्रमांक उतरवून घेणारा रकाना लहान होता. म्हणून पाटी मोठी केली की तिच्यावरचा आकडा जेथे जेथे लिहिला जातो तेथली जागाही मोठी करावी लागते.

एसक्यूलाइटमधील पाटी चौसष्ट अंकी आहे. तिची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. दर सेकंदाला एक या वेगाने ती संपायला सुमारे २९ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही!

क्रमांक गुपित फोडतो

ओळीने दिलेल्या क्रमांकाचा आणखी एक गुण आहे. प्रसंगी तोच अवगुण ठरतो. तो परक्यालाही माहिती देतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दर महिन्याला किती रणगाडे तयार करतो हे दोस्त राष्ट्रांना हवे होते. हेरांच्या बातम्यांवरून ऑगस्ट १९४२ चा अंदाज १,५५० असा निघाला. संख्याशास्त्रज्ञांनी वेगळाच मार्ग धरला. हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवर कारखान्याने ओळीने घातलेले क्रमांक होते. त्यांवरून त्यांनी ३२७ हा आकडा काढला. युद्धानंतर जर्मनांची कागदपत्रे मिळाली तेव्हा खरा आकडा कळला : ३४२!

हे गणित तुम्हालाही करता येईल. क्रमांक १ पासून ओळीने दिले आहेत असे धरा. तुमच्या पाहण्यात १९, ४०, ४२ आणि ६० हे चार आले. सर्वांत मोठा ६०. त्याला पाहिलेल्या क्रमांकांच्या संख्येने, म्हणजे ४ ने भागा, आले १५. ते ६० मध्ये मिळवा आणि एक वजा करा. उत्तर ७४. म्हणजे एकूण वस्तू साधारण ७४ असाव्यात.

ज्यांना असे काही कळू द्यायचे नसते, ते क्रमांक ओळीने न देता कसेही उचललेले देतात. आधार क्रमांक असाच आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. पण तो ०००० ने सुरू होऊन १ ने संपणारा नव्हता. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि आधीचे अकरा यदृच्छेने निवडलेले असतात. त्यांवरून माणसाचे गाव, वय किंवा नोंदणीचा क्रम काहीही कळत नाही. अ‍ॅक्सेसच्या ऑटोनंबरमध्येही क्रमांक ओळीने द्यावा की यदृच्छेने, हे ठरवण्याची सोय आहे. पण कोणताही मार्ग घेतला तरी मूळ नियम सुटत नाही. यदृच्छेने काढलेला आकडाही पूर्वी कोणाला दिला गेला नाही ना, हे पाहावेच लागते.

करून पाहा

फळ्यावर १०० हा आकडा लिहा. दोन विद्यार्थ्यांना कागद देऊन फळ्याकडे पाठ करून बसवा. तुम्ही टाळी वाजवली की प्रत्येकाने मागे वळून फळ्यावरचा आकडा पाहावा, पुन्हा पाठ करून त्यात एक मिळवून कागदावर लिहावे, आणि मगच फळ्याकडे जाऊन तेथील आकडा पुसून आपला लिहावा. अशा वीस टाळ्या वाजवा. दोघांच्या कागदांवर सारखेच असलेले आकडे किती ते मोजा. मग फक्त एक नियम बदला : वर्गात एकच खडू ठेवा, आणि ज्याच्या हातात खडू असेल त्यानेच फळ्याकडे पाहावे, आकडा लिहून झाला की खडू दुसऱ्याला द्यावा. पुन्हा वीस टाळ्या वाजवा आणि सारखे आकडे मोजा. तो खडू म्हणजेच कुलूप.

शाळेत संगणक असेल तर ‘लिबरऑफिस बेस’ ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली वापरून पाहा. वर्गातील पुस्तकांचा एक तक्ता करा आणि क्रमांकाच्या रकान्याला ‘ऑटोव्हॅल्यू’ हा गुण द्या. पाच नोंदी भरा, शेवटची काढून टाका आणि आणखी एक भरा. तिला कोणता क्रमांक मिळेल याचा अंदाज मात्र आधी वहीत लिहून ठेवा.

आणि कधी शाळेच्या कार्यालयात गेलात, तर जनरल रजिस्टर दाखवण्याची विनंती करा. त्याच्या जुन्या पानांवर शाळा सोडून गेलेल्या, कदाचित जगही सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी दिसतील. त्यांचे क्रमांक कोणीही काढून घेतलेले नाहीत, कोणा दुसऱ्याला दिलेले नाहीत. नव्या विद्यार्थ्याला नेहमी पुढचाच क्रमांक मिळाला आहे. वही लिहिणाऱ्यांनी हा नियम निष्ठेने पाळला, म्हणून आजही एका आकड्यावरून नेमका एक माणूस सापडतो. संगणकाकडूनही आपल्याला तेवढेच हवे आहे.